रहाडीतला पहिला धप्पा

धुळवडीला सगळा महाराष्ट्र रंगात न्हात असतो, तेव्हा नाशिककर कोरड्या कपड्यांनी फिरतात. इथला दिवस रंगपंचमीचा, आणि जुन्या नाशकात रंगपंचमी म्हणजे पिचकारी नव्हे, रहाड. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रहाड म्हणजे चौकाच्या पोटात बांधलेला दगडी हौद, उभा माणूस बुडेल एवढा खोल. पेशवाईतला म्हणतात. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके, ओंडक्यांवर माती आणि मातीवरून रिक्षा नि दुधाच्या गाड्या. रंगपंचमी जवळ आली की ती उघडायची, घासून धुवायची, मोठ्या कढईत फुलांचा रंग उकळून रहाडीत ओतायचा, पूजा करायची आणि मग धप्पा मारायचा. धप्पा म्हणजे सूर नव्हे. गुडघे पोटाशी घेऊन असं धपकन पडायचं की काठावरचा माणूस न विचारता भिजला पाहिजे. त्या पाण्याचा रंग अंगावरून आठवडाभर हलत नाही, साबणाची अख्खी वडी संपवा नाहीतर दगडाने घासा.

ज्या रहाडीची ही गोष्ट आहे तिचं नाव मी सांगणार नाही. त्या चौकात भांडणं आधीच पुष्कळ आहेत.

तिथला पहिला धप्पा खांदव्यांचा. सोमनाथच्या बापाने मारला, आज्याने मारला, आणि बापाचे गुडघे गेल्यापासून सोमनाथ मारत आला. पन्नाशीला टेकलेला गडी, चौकातच कुलपांचं, कड्या-बिजागऱ्यांचं दुकान, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकालाही भाव ऐकू जावा. कढईतला केशरी रंगही तोच शिजवायचा. खांदव्यांच्या घरची आणखी एक रीत होती. रहाड बंद करताना ते त्या वर्षीचा घट्ट रंग बाटलीत भरून घरी नेत आणि पुढच्या वर्षीच्या कढईत विरजणासारखा ओतत. त्याने नेमकं काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ती बाटली देवघराच्या खालच्या फळीवर असे आणि तिला सोमनाथशिवाय कुणी हात लावत नसे.

अशा माणसाला कोड फुटलं.

पहिला डाग कमरेवर आला, मग पाठीवर, मग दोन्ही गुडघ्यांवर. हे फक्त त्याला आणि बायकोला, अंजलीला, माहीत. सोमनाथ बनियन आणि लांब विजार घालून धप्पा मारी आणि कुणाला कसली शंका येत नसे. अशी चार-पाच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात बोटांची पेरं पांढरी झाली आणि ओठांच्या कोपऱ्यांत चुना लागल्यासारखं दिसू लागलं. कमरेवर होतं तोवर कोड घरातलं होतं. बोटांवर आलं तसं ते चौकाचं झालं. मासे खाऊन वर दूध प्यायलास का, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने दही सोडायला सांगितलं. तिसऱ्याने लहानपणी साप मारला होतास का म्हणून खोदून खोदून चौकशी केली. आणि गिऱ्हाइकं बदलली. पूर्वी किल्ली हातात घेणारी माणसं आता नजर दुसरीकडे वळवून म्हणत, "ठेवा ना काउंटरवर."

सगळ्यांत आधी असं म्हणाला तो मल्हारी. मल्हारी म्हणजे चौकाच्या रंगपंचमी मंडळाचा अध्यक्ष, सोमनाथचा शाळेपासूनचा सोबती आणि दर वर्षी दुसरा धप्पा मारणारा. तोही नुसता मारायचा नाही. सोमनाथ पाण्यातून डोकं वर काढतोय न काढतोय तोच बरोबर त्याच्या खांद्यावर येऊन आदळायचा. त्या मल्हारीने एकदा साधी कडी घेताना "ठेव तिथं" म्हटलं, आणि सोमनाथने कडी काउंटरवर ठेवली. त्या दिवसापासून सोमनाथचे हात दुकानात गल्ल्याखाली आणि बाहेर खिशात राहू लागले.

गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मल्हारीनेच विषय काढला. फार गोड बोलून काढला, म्हणून जास्त लागला. "सोमा, गैरसमज करून घेऊ नको. पण त्या पाण्यात पोरंसोरं उतरतात. लोक बोलतात. तू बरा हो, मग तुझा मान तुझाच आहे. कोण घेतंय?" पहिला धप्पा त्या वर्षी मल्हारीच्या पुतण्याने, रोहितने मारला. आणि सोमनाथ दुकानाचं शटर अर्धं ओढून, चौकाकडे पाठ करून दिवसभर किल्ल्या घासत बसला. बाहेर ढोल वाजत होते. त्याचं हृदय फाटत होतं, आणि हे मी उगाच फुगवून सांगत नाही; ज्याला विचारायचं त्याने अंजलीला विचारावं.

त्या रंगपंचमीनंतर सोमनाथ उपचाराला लागला. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी आधीच त्याला नीट समजावलं होतं. हा शिवल्याने, पाण्याने, एका ताटात जेवल्याने होणारा रोग नव्हे. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून आपल्या रंगाच्या पेशींवर धावून जाते. मलम दिलं, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी यंत्रासमोर उभं राहून अंगावर प्रकाश घ्यायला सांगितला. पण बरं व्हायची घाई झालेल्या माणसाला हे सगळं फार सावकाश वाटतं. कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवलं. सोमनाथने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "करायचं असेल तर जोडीला करा. त्याचे अभ्यास चालू आहेत, मी खात्री देणार नाही. पण माझं मलम आणि लाइट सोडून सुया टोचून घेणार असाल तर माझ्याकडे येऊ नका."

द्वारकेच्या चौकात, जिथे ट्रक आणि एसट्या दिवसरात्र एकमेकांवर खेकसत असतात, तिथे टायरच्या एका दुकानावर डॉक्टर वेदिकाचा दवाखाना होता. सोमनाथ पहिल्या दिवशी जिना चढला आणि अर्ध्यातून परत उतरला. उंचावरून खोल हौदात उडी घेणारा हा पुरुष सुईला भीत होता. खाली रस्त्यावर उभं राहून त्याने उसाचा रस प्यायला, स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि मग वर गेला.

डॉक्टर वेदिका तिशीची असेल. तिने हात पाहिले, ओठ पाहिले, पाठ पाहिली, फोटो काढले. म्हणाली, "काका, दोन गोष्टी आधीच सांगते. त्वचेचं औषध बंद करायचं नाही. आणि रंग येईल असं वचन मी देत नाही. झोप कशी आहे?"

"झोप नाही."

"मग आधी तिच्यापासून सुरुवात करू."

केसासारख्या बारीक सुया. काही पायांना, काही हातांना, काही डागांच्या कडेकडेने. टोचताना मुंगी चावल्याइतकंही कळलं नाही आणि सोमनाथला थोडी फसवणूक झाल्यासारखी वाटली. एवढ्यासाठी आपण उसाचा रस प्यायलो होतो. पण खरी अडचण नंतर कळली. सुया लावल्यावर अर्धा तास हलायचं नाही. हात उताणे, तळवे उघडे, बोटं सैल. अंगावर पांघरूण नाही. आणि त्या एका खोलीत तीन खाटा, मध्ये नुसते पडदे, तेही पंख्याच्या वाऱ्याने सारखे उडायचे. कित्येक महिने ज्याने हात खिशातून बाहेर काढले नव्हते, तो अनोळखी माणसांसमोर दोन्ही हात पसरून पडला होता आणि ते झाकायला त्याला हात नव्हता.

शेजारच्या खाटेवर हरसूलकडचा बारकू असायचा. पाठीला सुया घ्यायला पहाटेच्या एसटीने यायचा, वय साठीच्या पुढे, तोंड एक क्षण बंद नाही. पडदा उडाला तशी त्याने मान वळवून सोमनाथच्या हातांकडे खुशाल टक लावली.

"दुखतंय का?"

"नाही," सोमनाथ म्हणाला.

"खाजतंय?"

"नाही."

"मग रातीला ताप येत आसंल."

"ताप नाही, काही नाही."

बारकूने बराच विचार केला. "मंग तू इथं कशापायी पडलायस रं?"

मग सोमनाथने रहाडीचं, पहिल्या धप्प्याचं, मल्हारीचं सगळं सांगितलं. बारकूला मल्हारीची बाजू काही केल्या समजेना. "तुला काय होत नाय, त्यास्नी काय होत नाय, आन तरी समद्यांना औषिद पायजे म्हणतोस. लय अवघड हाय बाबा तुमचं शहर." एवढं बोलून तो घोरू लागला, आणि पाठोपाठ कितीतरी दिवसांनी सोमनाथलाही झोप लागली.

असे पावसाळा आणि हिवाळा गेले. लाइट चालू, मलम चालू, सुया चालू. मलम रात्री अंजली लावायची, कारण सोमनाथला स्वतःच्या बोटांकडे बघायला आवडत नसे. झोप सुधारली. गिऱ्हाइकांवर खेकसणं कमी झालं. दवाखान्यात तर तो बारकूशी बोलताना हातवारे करू लागला आणि सुया हलल्या म्हणून डॉक्टरची बोलणी खाऊ लागला. पण बोटं पांढरी ती पांढरीच. हातांवर रंग सगळ्यांत उशिरा येतो, काहींना येतही नाही, असं दोन्ही डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. होळी जवळ आली तसा सोमनाथ जेवताना गप्प बसू लागला. मंडळाची बैठक होळीच्या आदल्या संध्याकाळी होती. रहाडीत पहिलं कोण पडणार ते तिथं ठरायचं होतं, आणि यंदा दुसऱ्यांदा मान गेला तर तो रोहितच्या घरी कायमचा जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आणि मग बैठकीच्या दिवशी सकाळी चमत्कार झाला. सोमनाथ उठला, दात घासायला गेला आणि बेसिनपाशीच ओरडला. बोटांवर रंग आला होता! पेरं गव्हाळ झाली होती. ओठांचे कोपरेही. त्याने साबणाने हात धुतले, रंग गेला नाही. टॉवेलने घासले, गेला नाही. "अंजली, अगं बघ! सुयांनी केलं! सुयांनी!" अंजली चहा गाळत होती. "बरं झालं," एवढंच ती म्हणाली. तिने वर पाहिलं नाही आणि चहा कपाबाहेर सांडला.

त्या संध्याकाळी बैठकीत सोमनाथने खिशातून हात काढले आणि सगळ्यांपुढे नाचवले. "बघा! नीट बघा! अध्यक्ष, चष्मा लावून बघा!" मल्हारीने खरोखरच चष्मा लावून पाहिलं. मग तो मोठ्या मनाचा असल्यासारखा हसला. "बघ, मी म्हणालोच होतो, बरा हो आणि मान घे. यंदा पहिला धप्पा सोमाचा!" टाळ्या पडल्या. सोमनाथ चौकातून घरी गेला तो छाती काढून. जो दिसेल त्याला त्याने सुयांचं महत्त्व सांगितलं. पानवाल्याला तर झोपण्यापूर्वी बोटांच्या मधल्या भागात टोचून घेण्याचा सल्लाही दिला.

धुळवड झाली आणि दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. जिना दोन-दोन पायऱ्या चढत गेला. "मॅडम, हे बघा!"

डॉक्टर वेदिकाने हात पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग तिने स्पिरिटचा बोळा घेतला आणि सुई लावण्याआधी पुसतात तसं पेर पुसलं.

बोळा केशरी झाला.

तिने दुसरा बोळा घेतला. तोही केशरी. खाली पेर होतं तसं पांढरं. सोमनाथ त्या बोळ्याकडे बघत राहिला. तो रंग ओळखायला त्याला कुणाची गरज नव्हती. असा रंग नाशकात एकाच बाटलीत होता, आणि त्यात चिमूटभर काथ घातला की थेट गव्हाळ छटा येते हे त्यानेच कधीतरी अंजलीला सांगितलं होतं. साबणाला न जुमानणारा रंग स्पिरिटपुढे दोन मिनिटं टिकला नाही. खरं सांगायचं तर वास त्याला पहिल्याच सकाळी आला होता. आयुष्यभर ज्या कढईवर वाकला तिचा वास त्याला येणार नाही? पण मनाने नाकाला गप्प बसवलं होतं.

"घरी कुणी..." डॉक्टरने विचारलं.

"बायको," तो म्हणाला आणि खाटेवर मटकन बसला.

डॉक्टर हसली नाही. ओरडली मात्र. "त्या डागांवर लाइट घ्यायचा असतो काका. वरून रंग फासल्यावर तो आत पोचणार कसा? घरी जाऊन सांगा त्यांना." मग तिने मोबाइल काढला. "आता हे बघा. पहिल्या दिवशीचा तुमचा ओठांचा फोटो. आणि आत्ता मी कोपरा पुसलाय, तो आरशात बघा. जवळून."

सोमनाथने पाहिलं. डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्यात, राईच्या दाण्यांहून बारीक तपकिरी ठिपके होते. चार-दोनच.

"हे बाटलीतून आलेले नाहीत," डॉक्टर म्हणाली. "हे तुमचे तुमचे आहेत."

"सुयांनी आले की लाइटने?"

"मला ठाऊक नाही. लाइट आणि मलमाचा वाटा मोठा असणार. झोप लागायला लागली त्याचाही असेल. मी एकटीने श्रेय घेतलं तर खोटं होईल." एवढं बोलून तिने त्याला आडवं केलं, सुया लावल्या आणि पडदा ओढला. सोमनाथ हात पसरून पडला. पलीकडे बारकू होताच.

"पुसला का रंग?" बारकूने विचारलं. भिंत असती तरी त्याने ऐकलं असतं. इथं तर पडदाच होता.

"पुसला."

"मंग आता?"

आता काय, हाच प्रश्न होता. बाटली अजून अर्धी शिल्लक असणार. पंचमीपर्यंत आणखी एकदा लावलं की काम भागणार. पाण्यात पडल्यावर तर सगळेच केशरी, कोण कुणाची बोटं बघतोय? मान मिळेल, धप्पा मिळेल, टाळ्या मिळतील. आणि रंग उतरला की पुन्हा हात खिशात.

घरी जाऊन तो अंजलीवर फार चिडला. ती सगळं ऐकून घेत पोळ्या लाटत राहिली आणि शेवटची पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "अहो, गेल्या वर्षी तुम्ही चौकाकडे पाठ करून बसला होतात. मी खिडकीतून दिवसभर तुमची पाठ बघत होते. मला ती पुन्हा बघायची नव्हती. चुकलं माझं. पण मला दुसरं काही सुचलं नाही." त्याने ताट ओढलं. जेवताना म्हणाला, "काथ जरा जास्त झाला होता." अंजली आधी हसली आणि मग रडली.

रंगपंचमीच्या दुपारी चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. गच्च्या भरल्या होत्या, गॅलऱ्या भरल्या होत्या, नाशिक ढोल छातीत वाजत होता. उघड्या रहाडीत केशरी पाणी काठोकाठ होतं आणि उकळलेल्या फुलांचा तो ओला, गोडूस वास सगळ्या चौकावर पसरला होता. पूजा झाली. नारळ फुटला. मल्हारीने सोमनाथच्या गळ्यात हार घातला आणि हात वर करून ढोल थांबवला. पहिल्या धप्प्याआधी ढोल थांबतो. तो पाण्याच्या आवाजानंतरच पुन्हा वाजतो.

सोमनाथ काठावर आला. आजवर या दगडावर उभं राहताना त्याला कधी भीती वाटली नव्हती. आज वाटत होती. गर्दीत त्याला बारकू दिसला. पाठ सरळ झालेला, खांद्यावर पिशवी, खास एसटी पकडून आलेला. वर गॅलरीत अंजली होती.

त्याने खिशातून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला आणि सगळ्यांसमोर, रंग अजून टिकून असलेलं एकेक बोट पुसायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" मल्हारी खालच्या आवाजात म्हणाला.

"रंग पुसतोय. बैठकीत दाखवला तो रंग या रहाडीतला होता. मी बरा झालेलो नाही." बोटं पुसून झाली, तो ओठ पुसू लागला. चौकातली कुजबुज काठापर्यंत आली. पुढची काही माणसं मागे सरकली, आणि ते सोमनाथला दिसलं. मग त्याने हार काढून मल्हारीच्या हातात दिला आणि बनियन डोक्यावरून ओढून काढलं.

पाठीवर, कमरेवर, पोटावर मोठमोठे पांढरे डाग. चौकाने हे कधीच पाहिलं नव्हतं. अंजलीने गॅलरीचा कठडा घट्ट धरला.

"नीट बघून घ्या," सोमनाथ म्हणाला. तो नेहमीचा आवाज, भाव सांगायचा. त्याला माइक लागत नव्हता. "बोटांवर आलं ते तुम्हाला अलीकडे दिसलं. हे मात्र जुनं आहे. बोटांवर काही नव्हतं तेव्हाही हे होतं, बनियनच्या आत. आणि याच अंगाने मी दर वर्षी या पाण्यात पहिला पडलो. माझ्या मागून तुम्ही पडलात. तुमची पोरं पडली. तोंडात पाणी गेलं, नाकात गेलं, घोटभर प्यायलातही. कुणाला काय झालं? ज्याला माझ्यामुळे एक डाग आला असेल त्याने पुढे यावं. मी आत्ता घरी जातो आणि मान ज्याचा त्याला देतो."

कुणी पुढे आलं नाही. पण कुणी बोललंही नाही.

"आरं, पडणार हायस का नुसता बोलणार?" गर्दीतून बारकू ओरडला. "ऊन लय वाढलंय!"

कुणीतरी फसकन हसलं. आणि सोमनाथने गुडघे पोटाशी घेतले.

असा धप्पा त्या रहाडीत बऱ्याच वर्षांत पडला नव्हता. पाणी काठावरून उसळलं, मल्हारीचा सदरा, पूजेचं ताट, ढोलवाले, सगळं भिजलं. ढोल वाजायला हवा होता, वाजला नाही. ढोलवाला अध्यक्षाच्या तोंडाकडे बघत होता. सोमनाथ वर आला, डोळ्यांतलं पाणी निपटलं आणि काठाकडे पाहिलं. वर सगळी माणसं वाकून उभी होती. दुसरा धप्पा कुणी मारत नव्हतं.

तो त्या थंड केशरी पाण्यात एकटा होता. पूर्वीचा सोमनाथ असता तर त्याने हात पाण्याखाली घेतले असते. पण द्वारकेच्या त्या खाटेवर वर्षभर पडून हातांना वेगळी सवय लागली होती. त्याने ते दोन्ही बाजूंना पसरले, तळवे वर, बोटं सैल, आणि वाट बघत पाण्यावर तरंगत राहिला.

काठावर मल्हारी स्वतःचे हात बघत होता. आधी पालथे, मग उताणे, मग पुन्हा पालथे. त्याच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला सगळ्यांना दिसत होता. दर वर्षी दुसरा धप्पा त्याचा. दर वर्षी सोमनाथच्या खांद्यावर. दुसऱ्या कुणाला काही व्हायचं असतं तर त्याआधी मल्हारीचं अख्खं अंग पांढरं व्हायला हवं होतं. हात मात्र होते तसेच होते, काळेसावळे, केसाळ.

"च्यायला," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी चष्मा काढून रोहितकडे दिला, घड्याळ दिलं, आणि भिजलेल्या सदऱ्यासकट उडी मारली. बरोबर सोमनाथच्या खांद्यावर.

मग ढोल वाजला. तो असा वाजला की गच्च्यांवरची कबुतरं उठून गोदेपर्यंत गेली असतील. रोहित पडला, त्याच्यावर त्याचे मित्र पडले, पानवाला पडला. बारकूने पिशवी आणि टोपी एका पोलिसाच्या हातात कोंबली आणि डॉक्टरने पाठ जपायला सांगितली असतानाही तो पडला. "सोमाशेठ! सोमाशेठ!" चौक ओरडत होता. वर गॅलरीत अंजली रडत नव्हती, ती दोन्ही हातांनी कठडा बडवत होती आणि शेजारणीला सांगत होती, "आमचे ते! ते बघा, आमचे ते!"

रहाडीला पायऱ्या नाहीत. वरच्यांनी हात द्यायचा आणि खालच्याने चढायचं. रीत अशी की पहिला पडलेला पहिला वर येतो आणि दुसऱ्याला तोच ओढून घेतो. सोमनाथ वर आला. अंगभर केशरी, डाग कुठले आणि कातडी कुठली ते त्यालाही सांगता आलं नसतं. आठ दिवसांनी रंग उतरणार होता आणि डाग पुन्हा दिसणार होते. ते त्याला माहीत होतं. पण आता ते चौकालाही माहीत होतं, आणि त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

खाली मल्हारी पोरांच्या गर्दीत गटांगळ्या खात होता. नाकातोंडात पाणी, चष्म्याशिवाय धड दिसत नाही. त्याने चाचपडत एक हात वर केला. "सोमा! अरे हात दे की लवकर!"

सोमनाथ काठावर उकिडवा बसला. त्याने आपला हात पुढे केला आणि मल्हारीच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबवला.

"काय रे अध्यक्ष," तो सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काउंटरवर ठेवू का?"

चौक खदखदून हसला. मल्हारी हसला नाही. हातपाय मारत तो वर बघत राहिला. केशरी तोंडावरून पाणी गळत होतं, आणि ते सगळंच रहाडीचं असेल असं वाटत नव्हतं. मग त्याने उसळी मारली, सोमनाथचा हात दोन्ही हातांनी मनगटापर्यंत गच्च धरला आणि वर आल्यावरही सोडला नाही.